इंग्रजीतल्या कोणत्या चुका आधी सुधारायच्या? नाशिकला कामाला आलेल्या नवख्यांसाठी

निफाड, दिंडोरी, सिन्नर, येवल्याकडून दरवर्षी मुलंमुली नोकरीसाठी नाशिकला येतात. कुणी सातपूर-अंबडच्या कंपनीत लागतं, कुणी पिंपळगावकडच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये, तर कुणी वाइनरीत पाहुण्यांना फिरवायच्या कामावर. बहुतेकांना बारावीला इंग्रजीत बरे मार्क असतात. तरीही परदेशी गिऱ्हाइकाचा फोन आला की फोन शेजारच्याकडे सरकवला जातो. मग स्पोकन इंग्लिशचा क्लास लागतो आणि तिथे पहिला महिना 'अ', 'ॲन' आणि 'द' यांतच जातो.

हा क्रम मला उलटा वाटतो. चुका दोन जातीच्या असतात. एक नुसती खटकते, पण समोरच्याला म्हणणं कळतं. दुसरी अजिबात खटकत नाही. वाक्य नीट वाटतं, समोरचा मान डोलावतो, आणि त्याला भलतंच काहीतरी कळलेलं असतं. क्लासमध्ये पहिलीवर लाल शाई सांडते, पण नुकसान दुसरी करते. म्हणून आपण दुसरीपासून सुरुवात करू.

पायरी १ : 'येस' कधी आणि 'नो' कधी

समजा रॉटरडॅमहून फोन आला. पलीकडचा विचारतो, 'हॅझन्ट द कंटेनर लेफ्ट यट?' कंटेनर अजून पॅकहाउसच्या दारात उभा आहे. आपण मराठीत विचार करतो : 'कंटेनर निघाला नाही का?' 'हो, नाही निघाला.' म्हणजे तुम्ही म्हणताय ते बरोबर आहे, या अर्थाचा हा 'हो'. तोंडातून जातं, 'येस सर.' पलीकडचा खूश होतो, कारण इंग्रजीत 'येस' म्हणजे 'येस, इट हॅझ लेफ्ट'. तिथे तो पुढच्या गाडीची सोय करून टाकतो आणि इथे ड्रायव्हर अजून चहाच घेत असतो.

मराठीत 'हो' आणि 'नाही' हे समोरच्याच्या बोलण्याला दिलेलं उत्तर असतं. इंग्रजीत ते प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टीला लागू होतं. गोष्ट घडली असेल तर 'येस', नसेल तर 'नो'. प्रश्न सरळ विचारलाय की नकारार्थी, याच्याशी त्याचं काही देणंघेणं नसतं. 'यू डिडन्ट गेट माय मेल?' मेल मिळालेला नाही, तर उत्तर 'नो, आय डिडन्ट'.

सवय लागेपर्यंत एक सोपा तोडगा आहे. नुसतं 'येस' किंवा 'नो' म्हणून थांबायचंच नाही, पूर्ण वाक्य बोलायचं. 'द कंटेनर इझ स्टिल हिअर. इट विल लीव्ह ॲट सिक्स.' सुरुवातीचा 'येस' चुकला तरी पुढचं वाक्य सावरून घेतं.

'डू यू माइंड' याची गंमत याच जातीची. 'डू यू माइंड इफ आय सिट हिअर?' म्हणजे 'मी इथे बसलो तर तुमची हरकत आहे का?' आपण आदराने 'येस येस, प्लीज' म्हणतो. शब्दशः बघितलं तर हरकत आहे असं सांगून त्याच दमात बसायलाही सांगितलेलं असतं. बरोबर उत्तर 'नो, नॉट ॲट ऑल'.

पायरी २ : वेळ, तारीख, आकडे

नवख्यांचा सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो, आणि तो होतो आपल्या 'पर्यंत'मुळे. 'शुक्रवारपर्यंत सॅम्पल पाठवतो' आणि 'शुक्रवारपर्यंत मी ऑफिसात आहे' या दोन्ही वाक्यांत आपण एकच 'पर्यंत' वापरतो. इंग्रजीत त्याचे दोन तुकडे होतात. एखादं काम शुक्रवारच्या आत एकदाच उरकायचं असेल तर 'बाय फ्रायडे'. एखादी गोष्ट शुक्रवार येईपर्यंत सलग चालू राहणार असेल तर 'टिल फ्रायडे' किंवा 'अनटिल फ्रायडे'. 'वी विल सेंड सॅम्पल्स टिल फ्रायडे' असं लिहिलं, तर समोरचा समजतो की शुक्रवारपर्यंत रोज सॅम्पल येत राहणार आणि मग बंद होणार. तुम्हाला तर एकच पेटी एकदाच पाठवायची होती.

'पासून'चंही तसंच. 'पाच वर्षांपासून' आणि '२०२१ पासून' ही मराठीत एकाच साच्यातली. इंग्रजीत काळाची लांबी सांगायची असेल तर 'फॉर', सुरुवातीचा बिंदू सांगायचा असेल तर 'सिन्स' : 'फॉर फाइव्ह इयर्स', पण 'सिन्स २०२१'. क्रियापदही बदलतं. 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' हे अख्ख्या भारतात चालतं आणि बाहेरच्यालाही समजतं, त्यामुळे ही चूक फारशी घातक नाही. तरी मुलाखतीच्या पहिल्या मिनिटातच हे वाक्य येतं, तेव्हा 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स' एवढं घोकून ठेवा.

तारखांच्या बाबतीत माझा आग्रह आहे : आकड्यांत तारीख लिहायचीच नाही. ०३/०४ आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये ३ एप्रिल, पण अमेरिकेत ४ मार्च. द्राक्षांचा निर्यातीचा हंगाम नेमका याच महिन्यांत भरात असतो आणि नाशवंत मालाला महिनाभराचा गैरसमज परवडत नाही. महिना अक्षरांत लिहा, प्रश्न मिटला. 'नेक्स्ट फ्रायडे'ही टाळा. ते या आठवड्यातलं की पुढच्या, यावर इंग्रजांचंही एकमत नसतं. वार आणि तारीख दोन्ही द्या.

लाख आणि कोटी भारताबाहेर बहुतेकांना कळत नाहीत. १ लाख म्हणजे 'वन हंड्रेड थाउजंड', १० लाख म्हणजे 'वन मिलियन', १ कोटी म्हणजे 'टेन मिलियन'. स्वल्पविरामाची जागासुद्धा वेगळी : आपण १,५०,००० लिहितो, ते १५०,०००. दीड, अडीच, साडेतीन मनात धरून थेट इंग्रजीत आकडा बोलायला गेलं की हमखास गडबड होते. आधी कागदावर पूर्ण आकडा लिहा, मग वाचून दाखवा. आणि 'थर्टीन-थर्टी', 'फिफ्टीन-फिफ्टी' या जोड्यांवर कधीच विसंबू नका. फोनवर त्या ब्रिटिश माणसालाही नीट ऐकू येत नाहीत. 'फिफ्टीन, वन-फाइव्ह' असं म्हणायची पद्धत आहे, ती बेलाशक उचला.

पायरी ३ : शब्द इंग्रजी, अर्थ आपला

आपण रोज वापरतो त्यातले कित्येक इंग्रजी शब्द इथे आले आणि त्यांनी इथलाच अर्थ घेतला. आपसात काहीच अडत नाही. बाहेरच्या माणसाशी बोलताना मात्र यातले थोडे बाजूला काढून ठेवावे लागतात.

'हॉटेल' घ्या. नाशिकमध्ये 'हॉटेलात जाऊ' म्हणजे बऱ्याचदा मिसळ खायला जाऊ. पाहुण्याला 'लेट्स गो टू अ होटेल' म्हटलं तर त्याला वाटेल खोली घ्यायचीय. मिसळीच्या ठिकाणाला 'रेस्टॉरंट' किंवा नुसतं 'अ प्लेस फॉर मिसळ' म्हणा. तिथे पोचल्यावर पुढचा खड्डा 'हॉट' या शब्दाचा. तो गरमलाही चालतो आणि तिखटालाही. तर्री पुढे करून 'इट्स हॉट' म्हटलं, तर तो फुंकर मारून खुशाल घास घेईल. 'स्पायसी' म्हणा, आणि जरा आधीच म्हणा. मिसळ, तर्री, शेव यांची भाषांतरं करू नयेत. नाव मराठीतच सांगावं, मग एका वाक्यात तो पदार्थ काय आहे ते समजावावं. 'मिक्स्ड स्प्राउट्स करी' असं ऐकून कुणाच्या तोंडाला पाणी सुटेल असं मला वाटत नाही.

'कंपनी' म्हणजे आपल्याकडे कारखाना. 'माझा भाऊ कंपनीत आहे' हे नाशिकमध्ये पूर्ण वाक्य झालं. 'माय ब्रदर इझ इन कंपनी' याचा इंग्रजीत अर्थ निघतो की भावाच्या सोबत कुणीतरी बसलंय. 'ही वर्क्स इन अ फॅक्टरी' म्हणा.

'पास आउट'. आपण २०२२ ला पास आउट होतो, इंग्रज चक्कर येऊन पडतो. 'आय ग्रॅज्युएटेड इन २०२२' किंवा 'आय फिनिश्ड माय डिप्लोमा इन २०२२'.

'डाउट'. वर्गात 'सर, एक डाउट आहे' म्हणजे शंका. परदेशी माणसाला 'आय हॅव अ डाउट अबाउट युवर इन्व्हॉइस' लिहिलं, तर त्याला वाटतं तुम्हाला त्याच्या प्रामाणिकपणाबद्दलच संशय आहे. 'क्वेश्चन' हा शब्द पुरतो.

'बॅकसाइड'. मंदिराच्या, बिल्डिंगच्या, बसस्टँडच्या 'बॅकसाइडला' या, असं आपण सर्रास म्हणतो. इंग्रजीत तो माणसाचा पार्श्वभाग. 'बिहाइंड द टेम्पल' म्हणा. २०२७ च्या सिंहस्थात बाहेरचे पाहुणे रस्ते विचारतील, तेव्हा हा एक शब्द टाळला तरी पुष्कळ.

'टू' आणि 'हार्डली' हे दोन दिसायला निरुपद्रवी. 'टू गुड' म्हणजे फार छान असं आपल्याला वाटतं, पण 'टू'मध्ये 'नको तितकं' असा सूर असतो, म्हणून 'व्हेरी गुड'. मुलाखतीत 'आय वर्क्ड हार्डली' म्हणणारा उमेदवार सांगत असतो की मी जेमतेमच काम केलं. 'आय वर्क्ड हार्ड' एवढंच हवं.

आता दुसरी बाजू. 'प्रीपोन', 'आउट ऑफ स्टेशन', 'डू द नीडफुल' ऐकून काही जण नाक मुरडतात. मला ते पटत नाही. 'डू द नीडफुल' ब्रिटिशांच्याच कारभारी पत्रांतून आलंय. त्यांनी ते सोडलं, आपण सांभाळलं. गाडीच्या जादा चाकाला आपण 'स्टेपनी' म्हणतो, ती वेल्समधल्या लॅनेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आली. 'प्रीपोन' तर ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत आहे. पुण्याच्या, बंगळूरच्या ऑफिसला मेल असेल तर खुशाल वापरा. लंडनला मेल असेल तर 'कॅन वी मूव्ह द मीटिंग अर्लिअर' लिहा, कारण तिथे कळायला हवं. नियम एवढाच.

आणि देवाणघेवाण एकतर्फी नाही. इंग्रजीतला 'मंगूस' आपला मुंगूस. 'डूलॅली' म्हणजे डोकं फिरलेला, हा शब्द तर थेट आपल्या देवळालीचा. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत ब्रिटिश सैनिक देवळालीच्या छावणीत पडून असायचे, कंटाळून त्यांची डोकी फिरायची आणि त्यावरून हा शब्द पडला. ब्रिटनमध्ये तो अजून वापरात आहे. ब्रिटिश पाहुणा भेटला तर सांगून बघा, गप्पा चांगल्या रंगतात.

पायरी ४ : उच्चार, पण मोजकेच

ॲक्सेंट बदलायच्या नादी लागू नका. मराठी वळणाचं इंग्रजी जगात कुठेही समजतं. फक्त दोन-तीन ठिकाणी अर्थ घसरतो, तिथे जीभ आणि ओठ वळवायला हवेत.

नाशिकमध्ये राहून पहिलं कुठलं शिकायचं, हे उघड आहे. द्राक्षाचा वेल तो 'व्हाइन', आणि त्या द्राक्षांपासून होते ती 'वाइन'. आपला 'व' या दोन्हींच्या मधला, त्यामुळे ऐकणाऱ्याला कधी हा वाटतो, कधी तो. 'व्हाइन'साठी वरचे दात खालच्या ओठावर अलगद टेकवा आणि आवाज काढा, ओठाला किंचित गुदगुल्या व्हायला हव्यात. 'वाइन'साठी दात कुठेच लागू द्यायचे नाहीत, शीळ घालताना करतो तसा ओठांचा चंबू करून एकदम सोडायचा. आरसा समोर धरून 'वेस्ट-व्हेस्ट', 'वेट-व्हेट', 'वाइन-व्हाइन' अशा जोड्या म्हणा. आरशात दात दिसले की 'व्ह', नाही दिसले की 'व'.

आता खरी मेख. द्राक्षबागेला 'व्हाइनयार्ड' म्हणत नाहीत, उच्चार 'व्हिन्यर्ड' असा आहे. स्पेलिंगमध्ये 'व्हाइन' दिसतो, पण तोंडात 'व्हिन' येतो. वाइनरीत गाइडचं काम करणाऱ्याच्या तोंडी हा शब्द दिवसातून कितीदा येत असेल, तेव्हा तो पक्का करूनच कामाला जा : व्हिन्यर्डमध्ये व्हाइन, वाइनरीत वाइन.

दुसरं, शेवटचा 'स' आणि 'झ'. 'प्राइस' म्हणजे किंमत, 'प्राइझ' म्हणजे बक्षीस. 'आइस' म्हणजे बर्फ, 'आइझ' म्हणजे डोळे. मराठी माणसाला 'झाड', 'झरा' म्हणायची सवय असते, त्यामुळे हा आवाज मुद्दाम शिकावा लागत नाही. फक्त कुठे काढायचा ते कळायला हवं.

तिसरं, भूतकाळाची शेपटी. 'पॅक', 'शिप', 'आस्क' यांना स्पेलिंगमध्ये 'ईडी' लागतं म्हणून आपण 'पॅकड', 'शिपड' म्हणतो. उच्चार 'पॅक्ट', 'शिप्ट', 'आस्क्ट'. 'लोड'चं मात्र 'लोडेड' होतं, कारण मुळात शेवटी 'ड' आहे. 'ट' किंवा 'ड'ने संपणाऱ्यांनाच ही जादा 'एड' मिळते.

आघात, म्हणजे शब्दाच्या कुठल्या तुकड्यावर जोर द्यायचा, हा मोठा विषय आहे. आपण सगळी अक्षरं सारख्या वजनाने बोलतो, इंग्रजीत एकच तुकडा जोरात असतो. 'डिव्हेलप'मध्ये जोर 'व्हे'वर, 'होटेल'मध्ये 'टेल'वर. हे नियमांनी पाठ होत नाही. मोबाइलवरच्या डिक्शनरीत स्पीकरचं चिन्ह असतं, ते दाबून ऐकत राहायचं.

पायरी ५ : हुकूम सुटू नये म्हणून

मराठीत 'फाइल पाठवा' यातल्या 'वा'मध्ये आदर भरलेला असतो. इंग्रजीत 'सेंड द फाइल' म्हटलं की आदर गळून पडतो आणि नुसता हुकूम उरतो. पुढे 'प्लीज' चिकटवलं तरी तो गोड हुकूमच. 'कुड यू सेंड मी द फाइल बाय थर्सडे?' असा प्रश्न करा. सुट्टी मागतानाही 'आय वॉन्ट लीव्ह' पेक्षा 'कुड आय टेक फ्रायडे ऑफ?' बरं.

उलट दर वाक्याला 'सर' लावायची गरज नसते. डच किंवा ब्रिटिश माणूस पहिल्या फोनलाच सांगतो, मला नावाने हाक मार. आपल्याला वयाने मोठ्याला एकेरी हाक मारल्यासारखं वाटतं आणि जीभ अडते. मग 'मिस्टर जॉन' असा अर्धवट प्रकार जन्माला येतो. 'मिस्टर' नेहमी आडनावाला लागतो. सांगितलं असेल तर नुसतं 'जॉन', नाहीतर 'मिस्टर' आणि आडनाव.

'प्लीज रिव्हर्ट' हे 'उत्तर द्या' या अर्थाने आपल्या ऑफिसांत इतकं रुळलंय की काढता येणार नाही. बाहेर मात्र त्याचा अर्थ पूर्वस्थितीला जाणं असा घेतात. 'प्लीज रिप्लाय' लिहायला अक्षरंही कमी लागतात.

पायरी ६ : आता व्याकरणाचं पुस्तक उघडा

'इक्विपमेंट', 'मशिनरी', 'फर्निचर', 'लगेज', 'इन्फर्मेशन', 'ॲडव्हाइस', 'फीडबॅक' यांना अनेकवचनी 'एस' लागत नाही. बायोडेटा लिहिताना हे जरूर तपासा, बोलताना चुकलं तर कुणाचं काही बिघडत नाही. 'डिस्कस अबाउट' आणि 'रिटर्न बॅक' यांतले 'अबाउट' आणि 'बॅक' काढून टाका. 'डिड यू वेंट' नाही, 'डिड यू गो', कारण भूतकाळ 'डिड'ने आधीच सांगितलाय.

'अ' आणि 'ॲन' स्पेलिंगवर ठरत नाहीत, कानावर ठरतात. 'ॲन एमआयडीसी प्लॉट', पण 'अ युनिट' आणि 'अ युरोपियन बायर', कारण 'यु'च्या सुरुवातीला 'य'चा आवाज आहे. 'द' कुठे लावायचा हे मात्र वाचून वाचूनच अंगवळणी पडतं. मराठीत त्याला जोडीदार नाही, त्यामुळे उशीर लागतो. लागू द्या.

पायरी ७ : सराव कुठे करायचा

वाचायला नाशिकचं सार्वजनिक वाचनालय आहे, १८४० पासूनचं. तिथे जाऊन एकदम जाडजूड कादंबरी उचलू नका. इंग्रजी वर्तमानपत्रातली बाजारभावाची आणि हवामानाची बातमी रोज वाचा. कांदा-द्राक्षांचा विषय ओळखीचा असतो, त्यामुळे लक्ष भाषेकडे राहतं. शब्द अडला तर शिकणाऱ्यांसाठी काढलेल्या डिक्शनरीत बघा, मोजता येणारं नाम कुठलं आणि न येणारं कुठलं हे तिथेच लिहिलेलं असतं.

बोलण्यासाठी दोन-तीन मित्र पुरतात. एकाने गिऱ्हाईक व्हायचं आणि फक्त नकारार्थी प्रश्न विचारायचे : 'डिडन्ट यू पॅक इट?', 'इझन्ट द ट्रक रेडी?', 'हॅझन्ट ही कॉल्ड?' दुसऱ्याने पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचं. समोरासमोर न बसता व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट पाठवून हे करा. फोनवर हातवारे दिसत नाहीत, तोंडावरचे भाव दिसत नाहीत, आणि खरा घोळ तिथेच होतो. पहिले दोन-चार दिवस आपलाच आवाज ऐकवत नाही. तरी नोट पुसू नका, आठवड्याने तीच पुन्हा ऐका आणि 'येस' नेमका कुठे चुकीचा गेला ते वहीत टिपून ठेवा.